आरोग्य विम्याची कोणती पायरी आपली?

सुगी आटोपून कारखान्याचे पहिले बिल हाती येऊ लागले, की विमा एजंटांच्या फेऱ्या गावोगाव सुरू होतात. त्यांच्या पत्रकावर तीन लाख, पाच लाख, दहा लाख असे आकडे असतात व प्रत्येक आकड्यासमोर वर्षाचा हप्ता लिहिलेला असतो. घरधनी ते पत्रक उलटसुलट पाहतो आणि एक तर सर्वांत कमी हप्त्यावर बोट ठेवतो, नाहीतर सर्वांत मोठ्या आकड्याला भुलतो. आमच्या मते या दोन्ही रीती घातक आहेत. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून घेत नाही. आपली जमीन कोणती, पाणी किती, पीक किती दिवसांत हाती हवे, हे आधी ठरवितो आणि मगच वाण निवडतो. आरोग्य विम्याचेही तसेच आहे. आधी घर पाहावे, मग पायरी ठरवावी.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण उघड आहे. इस्पितळाचे मोठे बिल अंगावर आले, की शेतकऱ्याजवळ विकण्यासारख्या वा गहाण टाकण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात: घरातील सोने, गोठ्यातील जनावरे आणि शेवटी जमीन. सोने गेले तर पुन्हा करता येते, जनावर पुन्हा घेता येते. पण वाडवडिलांची दोन एकर एकदा हातची गेली, की पुढल्या पिढीला मजुरीशिवाय मार्ग उरत नाही. पिकाच्या बुडीतून घर दोन वर्षांत सावरते. इस्पितळाच्या कर्जातून सावरावयास काही वेळा पुरे आयुष्य लागते. तेव्हा विमा ही केवळ शहरातील नोकरदारांची बाब आहे, असे समजून चालणार नाही.

बेळगाव, खानापूर या भागातील आपल्या कुटुंबांपुढे आज मुख्यतः तीन पायऱ्या आहेत. त्या खालून वर चढाव्यात, वरून खाली पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: रेशन कार्ड

२०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक या दोन योजना आपल्या राज्यात एकत्र करण्यात आल्या. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबास या योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यासाठी एक पैसाही हप्ता भरावा लागत नाही. घरात आधीपासून मधुमेह वा रक्तदाब असला, तरी त्या कारणाने कोणी नाकारीत नाही. खाजगी विम्यात हे सुख नाही.

एपीएल कार्डवाल्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांना योजनेने ठरविलेल्या दराच्या ३० टक्केच मदत मिळते, आणि तीही वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाच्या मर्यादेत. म्हणजे एखाद्या शस्त्रक्रियेचा ठरलेला दर १ लाख रुपये असेल, तर ३० हजार सरकारचे आणि ७० हजार आपल्या खिशातले. "आपल्याकडे आयुष्मान कार्ड आहे" एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्या एपीएल कुटुंबांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. कार्डाचा रंग एकच दिसला, तरी दोन घरांचा लाभ एक नाही.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. तातडीचा प्रसंग असेल तर योजनेतील खाजगी इस्पितळात सरळ जाता येते. एरवी आधी सरकारी इस्पितळात दाखवून तेथून शिफारसपत्र घ्यावे लागते. हे पत्र न घेता खाजगी इस्पितळात दाखल होणारे पुष्कळ जण नंतर योजनेला दोष देतात. दोष योजनेचा नसतो, माहितीच्या अभावाचा असतो.

दुसरी पायरी: सोसायटी

सहकारी संस्थेच्या सभासद शेतकऱ्यांसाठी कर्नाटकात २००३ साली यशस्विनी योजना सुरू झाली. बेंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची ती मूळ कल्पना. अगदी थोड्या वर्गणीत लाखो शेतकरी एकत्र आले, तर शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांत मिळून सोसता येतो, हे या योजनेने साऱ्या देशाला दाखवून दिले. २०१८ साली ती आरोग्य कर्नाटकात विलीन झाली आणि शेतकऱ्यांच्या मागणीवरून २०२२ साली पुन्हा सुरू करण्यात आली. त्या वेळी ठरलेली वर्गणी अशी: ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबास वर्षाला ५०० रुपये व पुढील प्रत्येक माणसामागे १०० रुपये. मर्यादा कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये.

एपीएल कार्डवाल्या लहान शेतकऱ्याला ही पायरी सर्वांत सोयीची आहे, असे आम्ही मानतो. जेमतेम दोन युरियाच्या गोण्यांएवढी रक्कम आणि मागे ५ लाखांचे बळ, असा सौदा बाजारात दुसरा नाही. तरीही कृषी पत्तीन सोसायटीचे सभासद असूनही आपल्यापैकी कितीतरी जण नोंदणीची मुदत चुकवितात. नोंदणी वर्षातून ठराविक काळच चालू असते. सोसायटीच्या सेक्रेटरींना कर्जाच्या कामासाठी आपण भेटतोच. त्याच वेळी ही चौकशी करावी.

यशस्विनीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिच्यात उपचारांची ठराविक यादी आहे आणि त्या यादीत शस्त्रक्रियांवर भर आहे. तापासाठी आठ दिवस खाटेवर पडून राहावे लागले, तर त्याचे बिल यादीत बसेलच असे नाही. इस्पितळही योजनेतीलच हवे. तसेच घरातील कोणी नोकरीतल्या वा अन्य विम्याखाली असेल, तर नोंदणी होते की नाही, ते अर्जावरील अटी वाचूनच ठरवावे.

तिसरी पायरी: विकतची पॉलिसी

ज्या घरी ऊस आहे, दूधधंदा आहे, किंवा एक मुलगा गोव्यात वा पुण्यात नोकरीला आहे, त्या घरांना खाजगी वा सरकारी विमा कंपनीची पॉलिसी घेणे शक्य असते. येथे खरी कसोटी लागते, कारण येथे पायरीत पायऱ्या आहेत. पत्रकावरचा मोठा आकडा पाहण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट खोलीच्या भाड्याची. स्वस्त पॉलिसीत खोलीच्या रोजच्या भाड्याला मर्यादा असते. धरा, आपली पॉलिसी ३ लाखांची आहे आणि भाड्याची मर्यादा रोज ३ हजार रुपये आहे. पाहुण्यांत बरे दिसावे म्हणून आपण ६ हजारांची खोली घेतली. आपली समजूत अशी, की वरचे ३ हजार तेवढे आपण भरू. पण तसे होत नाही. खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, शुश्रूषेचा आकार हे सारे त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जाते. औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेले साहित्य यांना ही कात्री लावू नये असा नियम २०२० सालापासून आहे, तरीही उरलेली कपात पुष्कळ असते. म्हणून दाखल होताना आपल्या मर्यादेतलीच खोली मागावी. आजारपणात खोलीचा थाट कामाचा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या वाट्याची. काही पॉलिसींत प्रत्येक बिलाचा ठराविक भाग आपणच भरावयाचा असतो. सर्व कंपन्यांनी एकाच नमुन्याची द्यावयाची म्हणून २०२० साली आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत हा भाग ५ टक्के ठेवण्यात आला. ८० हजारांच्या बिलावर ४ हजार. एवढे कोणीही सोसेल. पण वृद्धांच्या काही पॉलिसींत हा वाटा २० टक्के असतो, म्हणजे त्याच बिलावर १६ हजार. हप्ता कमी का, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

तिसरी गोष्ट थांबण्याच्या मुदतीची. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजाराला पैसे मिळत नाहीत. हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांसारख्या आजारांना आणि आधीपासून असलेल्या रोगांना त्याहून पुष्कळ अधिक काळ थांबावे लागते. विमा नियामक मंडळाने २०२४ साली ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणली. पूर्वी ती ४ वर्षे होती. ओझी उचलणाऱ्या शेतकऱ्याला हर्निया होतो आणि उन्हात राबणाऱ्याला मोतीबिंदू लवकर गाठतो. तेव्हा कोणत्या पॉलिसीत ही मुदत कमी आहे, हे आपल्या दृष्टीने लाखाच्या आकड्याइतकेच मोलाचे आहे. आणि म्हणूनच प्रकृती धडधाकट असतानाच पॉलिसी घ्यावी. दुखणे अंगावर आल्यावर विमा शोधणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालणे होय.

चौथी गोष्ट इस्पितळांच्या यादीची. आपल्या गावापासून तासाभरात पोहोचता येईल असे कोणते इस्पितळ कंपनीच्या यादीत आहे? मुंबईतील शंभर नावे आपल्या काय उपयोगाची? रात्री दोन वाजता सर्प चावला वा ट्रॅक्टर उलटला, तर आपण जेथे खरोखर जाणार, ते नाव यादीत आहे का, एवढेच पाहावे.

एकत्र की वेगवेगळी?

कुटुंबाची एकत्र पॉलिसी स्वस्त पडते, पण तिच्यातील ५ लाख हे सर्वांत मिळून असतात, प्रत्येकाचे नव्हेत. शिवाय अशा पॉलिसीचा हप्ता बहुधा घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या वयावरून ठरतो. अडुसष्ट वर्षांच्या वडिलांना तरुण मुलाच्या पॉलिसीत घातले, की सर्वांचा हप्ता चढतो. आमचा सल्ला असा, की नवरा-बायको व मुले यांची एक पॉलिसी करावी आणि आईवडिलांची निराळी. पूर्वी ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळणे कठीण होते. २०२४ साली नियामकांनी ती वयाची अट काढून टाकली आहे.

मोठे संरक्षण हवे पण हप्ता झेपत नाही, त्यांच्यासाठी टॉप-अप व सुपर टॉप-अप असे दोन प्रकार आहेत. या दोन्हींत ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आपण वा आपल्या पहिल्या विम्याने सोसावयाचा आणि त्यावरचा टॉप-अपने. फरक ध्यानात घ्यावा. धरा, मर्यादा ३ लाखांची आहे आणि वर्षात दोनदा दाखल व्हावे लागून प्रत्येक वेळी २ लाख खर्च आला. साध्या टॉप-अपमध्ये काहीच मिळणार नाही, कारण एकही बिल ३ लाखांच्या वर गेले नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात. ४ लाखांपैकी वरचा १ लाख मिळेल. नाव सारखे असले, तरी घ्यावयाचा तो सुपर टॉप-अप.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. "सरकारी कार्डाचे ५ लाख खाली आहेतच, वर ५ लाखांपासून सुरू होणारा टॉप-अप घ्या," असे काही एजंट सांगतात. ऐकावयास हे गोड आहे. परंतु ज्या इस्पितळात सरकारी कार्ड चालत नाही तेथे दाखल झाल्यास खालचे ५ लाख आपल्याच खिशातून जातील. दोन फळ्या एकाच शिडीला बसतात की नाही, हे पाहिल्याशिवाय वर पाय ठेवू नये.

खरे तेच लिहावे

अर्ज भरताना "साखर आहे हे लिहू नका, उगाच हप्ता वाढेल" असा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. लपविलेला रोग दाव्याच्या वेळी कागदपत्रांतून बाहेर येतो आणि दावा फेटाळला जातो; भरलेले हप्ते गेले ते गेलेच. ५ वर्षे सलग पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज जुन्या माहितीच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा नियम २०२४ पासून आहे. तरी नियमाच्या आडोशाने खोटे लिहिण्यापेक्षा खरे लिहून थोडा अधिक हप्ता भरणे सरळपणाचे आणि फायद्याचेही आहे.

आयकर वाचेल, हे आमिषही आपल्यापुढे ठेवले जाते. ज्याचे उत्पन्न निव्वळ शेतीचे आहे, त्याला त्या उत्पन्नावर आयकर नाहीच. मग वाचणार काय? मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, हा लाभ सर्वांना आहे. जुन्या पत्रकावरचा करासह हप्ता कोणी मागत असेल, तर त्याला हे सांगावे.

हप्त्याची तारीखही आपल्या सोयीने धरावी. पेरणीच्या दिवसांत, हातात पैसा नसताना नूतनीकरण आले, तर पॉलिसी बुडण्याची भीती असते. उसाचे बिल वा भाताचे पैसे येतात त्या महिन्यात पॉलिसी घेतली, तर दरवर्षी तीच तारीख येते. चुकलाच हप्ता, तर ३० दिवसांची सवलत असते. पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांतील आजाराचे पैसे मिळत नाहीत. पॉलिसी हाती आल्यावर पहिल्या ३० दिवसांत वाचून पसंत न पडल्यास ती परतही करता येते. पुढे कंपनी बदलावीशी वाटली, तर मुदत संपण्याच्या दीड महिना आधी अर्ज करावा, म्हणजे थांबण्याची सरलेली मुदत वाया जात नाही.

तिन्ही पायऱ्यांच्या शेजारी एक लहानशी फळी आहे, ती प्रत्येक घराने घ्यावी: प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून वळते होतात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि अंशतः अपंगत्वास १ लाख. सर्पदंश वा झाडावरून पडणे हेही अपघातात धरले जाते, मात्र लगेच इस्पितळात नेल्याची नोंद हवी. मांत्रिकाकडे रात्र घालविली तर जीवही जातो आणि ही मदतही.

सीमाभागातील घरांना

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेण्याचे ठरविले व त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. त्या वादात शिरण्याचे हे पान नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की रुग्णाला खाट हवी असते, घोषणा नव्हे. एका योजनेच्या आशेवर हातातली दुसरी नोंदणी सोडू नये. आणि ज्या इस्पितळात जाणार, तेथील आरोग्यमित्रास आधीच विचारून ठेवावे.

गोव्यात स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांसाठी तेथील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. गोव्यात किमान ५ वर्षे वास्तव्य असलेल्या तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाख अशी तिची मर्यादा ठरविण्यात आली. मुलगा तेथे असला, तरी गावातील आईवडिलांना ती आपोआप लागू होत नाही, हे विसरू नये. नोकरीतल्या विम्याचेही तसेच. नोकरी सुटली की तो सुटतो.

आमचे मत थोडक्यात

बीपीएल घराने कार्ड चालू ठेवावे, प्रत्येक माणसाचे नाव त्यात असल्याची खात्री करावी आणि विकतच्या पॉलिसीपायी कर्ज काढू नये. एपीएल घराने सोसायटीतून यशस्विनीची नोंदणी करणे ही पहिली निवड मानावी. ज्यांना झेपते त्यांनी मध्यम रकमेची, कमी कात्रीची, जवळच्या इस्पितळाची पॉलिसी घ्यावी आणि वर सुपर टॉप-अप. दहा लाखांची पण अटींनी पोखरलेली पॉलिसी घेऊ नये. कोणत्याच पायरीवर रोजच्या गोळ्यांचा खर्च सहसा मिळत नाही, म्हणून त्यासाठी घरात थोडी शिल्लक निराळी ठेवावी.

दावा अन्यायाने फेटाळला गेला, तर गप्प बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. कर्नाटकासाठी त्यांचे कार्यालय बेंगळुरूस आहे. तेथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

सरतेशेवटी एक सूचना. आपल्या धर्मग्रामात बँकेत, इस्पितळात, शाळेत काम करणारी शिकलेली मुलेमुली आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी तासभर बसून शेजाऱ्यांच्या पॉलिसी वाचून दाखवाव्यात: खोलीची मर्यादा कोठे आहे, थांबण्याची मुदत किती आहे, नूतनीकरण कधी आहे. सही करण्याआधी वाचलेले एक पान नंतरच्या दहा हेलपाट्यांपेक्षा अधिक कामाचे असते. आणि ज्यांच्या घरी अजून कोणतीच नोंद नाही, त्यांनी येत्या आठवड्यात रेशन कार्ड घेऊन सोसायटीची पायरी चढावी.